ताऱ्याची आणेवारी

आमच्या किनाऱ्यावर होडी लागली की कोणीतरी विचारतोच, "काय गावला?" आणि होडीचा तांडेल सांगतो, "कायच नाय रे, कालवणापुरतां." होडीत बांगडा गुडघाभर असला तरी हेच सांगायचं. आपली जागा दुसऱ्याला कळू नये, दृष्ट लागू नये, उद्या साऱ्या होड्या तिथंच येऊन पडू नयेत, म्हणून. बापानं मला वल्हं धरायला शिकवलं त्याच्या आधी हे शिकवलं. खरा आकडा घरी चुलीपाशी, बायकोच्या कानात सांगायचा. तिला पाटी घेऊन बाजारात बसायचं असतं, तिला खरं लागतं.

ही सवय माझ्या जिभेत मुरली आणि तिनंच माझं घर बुडवलं. बायकोच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, कितपत दुखतं? ती गप्प राहिली. मीच म्हणालो, "थोडां थोडां." तिला पाटी उचलत नव्हती, जेवण अर्धं टाकून उठायची, हे मला दिसत होतं. दुसऱ्यांदा नेली तेव्हाही मी तेच सांगितलं. शेवटी गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस काय करत होता? आधीच्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही. २००५ सालच्या पावसात ती गेली. मी होडी पुतण्याला दिली आणि घराच्या पायरीवर बसून राहिलो.

त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, बाईंचा निरोप आला.

बाई देवळाकडच्या शिकल्यासवरल्या घरातल्या. लहानपणीच गाव सोडून शिकायला गेल्या होत्या, लग्न केलं नाही. दक्षिणेत डोंगरावर एक वेधशाळा आहे, तिथं अडतीस वर्षं तारे मोजायची नोकरी केली आणि म्हातारपणी बापाच्या घरात येऊन राहिल्या. गावाला ही नोकरी कळेना. कोणी म्हणे हवामान खात्यात होती, कोणी म्हणे पत्रिका बघते. पहिल्या महिन्यात तीन मुलींचे बाप पत्रिका घेऊन गेले. तिघांना चहा मिळाला आणि पत्रिका तशाच परत मिळाल्या.

मी गेलो तेव्हा बाई घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. बसा म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "तांडेल, समोर किती होड्या दिसतात?"

"पाच," मी म्हणालो. "एक परत येता. तेतूर माझो पुतण्यो आसा."

"पुतण्या इथून ओळखता?"

"तो वाकडो बसता."

बाई हसल्या. म्हणाल्या, "मला एकसुद्धा दिसत नाही."

त्यांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेनं दिसायचं. भिंग घेऊन, मान तिरकी करून, एकेक शब्द वाचायच्या. "ज्याच्याकडे बघायला जाते तेच नाहीसं होतं," त्या म्हणाल्या. रडत सांगितलं नाही, माझ्या पायात काटा गेलाय म्हणावं तसं सांगितलं.

मग त्यांनी काम सांगितलं. आकाशात देवमासा म्हणून ताऱ्यांचा एक घोळका आहे. त्याच्या मानेपाशी एक तारा आहे, तो अकरा महिन्यांत वाढतो आणि विझतो. विझला की डोळ्यांना दिसतच नाही, ती जागा रिकामी असते. परत भरतो. किती भरतो ते प्रत्येक फेऱ्याला वेगळं. बाई कॉलेजात होत्या तेव्हापासून त्याच्या मागे होत्या. सूर्याच्या आड जातो तेवढे दिवस सोडले तर एकही फेरा त्यांनी चुकवला नव्हता. ही नोकरीतली गोष्ट नव्हती, ही त्यांची स्वतःची. कपाटात वह्यांची चळत होती. सगळ्यात वरची वही कोरी होती.

"या फेऱ्याला मला डोळे नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचे लावाल?"

"बाई, मी चौथी शिकलेलंय."

"तारा काही विचारत नाही."

असा मी रोज संध्याकाळी बाईंच्या खळ्यात जाऊ लागलो. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं. सात वाजले की गाव काळाकुट्ट व्हायचा आणि घराघरातून वीजवाल्यांच्या आयामायांचा उद्धार सुरू व्हायचा. अख्ख्या गावात बाई एकट्याच खूश. होड्यांपाशी माझ्या वयाचे दोघंतिघं बसायचे, ते मला जाताना अडवायचे.

"काय रे तांडेल, म्हातारपणी बायच्या खळ्यात काय गावता तुका?"

"कालवणापुरतां," मी सांगायचो.

पहिला महिना-दीड महिना मी रिकामी जागा बघितली. बाई विचारायच्या, "दिसतो?" मी म्हणायचो, "नाय." त्या वहीत लिहायच्या. मी वैतागलो. म्हटलं, नाही ते काय लिहायचं? बाई म्हणाल्या, "नाही हे बघितल्याशिवाय कळत नाही. बघितलं म्हणून लिहिलं."

त्या रिकाम्या दिवसांत अंधार पडायची वाट बघता बघता मी त्यांना नोकरीबद्दल विचारायचो. मला वाटे, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असणार. ते होतंच, पण मोजमाप दिवसा चालायचं. रात्री काचेवर आकाशाचा फोटो घ्यायचा आणि दिवसा ती काच मोजायची. वेधशाळेनं फेकलेली एक काच बाईंकडे होती, एक कोपरा फुटलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. काच पांढरट आणि तिच्यावर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके. फोटोत तारे काळे येतात. काच यंत्रावर ठेवायची, भिंगातून बघत कोळ्याच्या धाग्यासारखी एक रेघ ठिपक्याच्या बरोबर मध्यावर आणायची आणि आकडा लिहायचा. मग काच उलटी फिरवून परत तोच तारा मोजायचा, कारण माणसाचा हात एका बाजूला जरासा झुकतोच. मग पुढचा ठिपका. जेवायची सुट्टी झाली की परत पुढचा.

"असे किती तारे झाले?" मी विचारलं.

"ते कोण मोजत बसलंय," बाई म्हणाल्या.

आणि एवढं करून काय मिळालं? तर कुठला तारा जागचा किती हलला ते. मी म्हटलं, तारे हलतात? मी जन्मभर ते खिळ्यानं ठोकल्यासारखे बघत आलो. बाईंनी कोपऱ्यातल्या केरसुणीतून झावळीचा एक हीर उपसला आणि माझ्यापुढे धरला. "हा मालवणच्या किल्ल्याच्या तटावर उभा केला आणि तुम्ही इथून बघितलात, तर याच्या जाडीएवढा. वर्षभरात."

आमच्या गावातून किल्ला म्हणजे स्वच्छ दिवशी नुसती पुसट पट्टी. त्या पट्टीवरचा हीर. मी आधी हसलो. मग घरी जाताना हसू आलं नाही. पन्नास वर्षं मी समुद्रावर माझी जागा ओळखून काढली, देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत आला की इथं जाळं टाकायचं, असं. गावात मला तेवढ्यासाठी मान होता. आणि इथं एक बाई अडतीस वर्षं किल्ल्यावरच्या हिराची जाडी मोजत बसली होती, आणि गावाला ती पत्रिका बघणारी वाटत होती.

नाताळचे कंदील ख्रिस्तावांच्या दारात लागले, त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी रिकाम्या जागेकडे बघितलं आणि ती रिकामी नव्हती.

काल तिथं काही नव्हतं. आज होतं. बारीक, लालसर, विडीचं टोक लांबून दिसावं तसं. मी डोळे पुसले, खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. होतंच. मी म्हटलं, "बाई, इलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी त्या बाजूला मान वर केली. त्यांना दिसणार नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी केली. मग म्हणाल्या, "रंग?"

"तांबूस."

"तोच," बाई म्हणाल्या.

पुढं त्यांनी मला मोजायला शिकवलं. शेजारचा एक मंद तारा खालचा टप्पा आणि देवमाशाच्या शेपटीचा ठसठशीत तारा वरचा टप्पा. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते सांगायचं. बाई म्हणाल्या दहा भाग करा. माझ्या डोक्यात दहा बसेनात. मग त्यांनी विचारलं, "भाताची आणेवारी करतात ती कळते ना?" ती का कळणार नाही. पीक उभं असताना नुसतं बघून सांगायचं, सोळा आण्यांत किती आलंय. झालं. मंद तारा म्हणजे शून्य, शेपटीचा म्हणजे सोळा आणे. मी आणे सांगायचो, बाई त्याचे त्यांचे आकडे करायच्या. शेपटीचा तारा समुद्राच्या जवळ असतो, तिथल्या हवेनं तो जरा उणा दिसतो. तेही त्या हिशेबात धरायच्या. महिन्याच्या शेवटी सगळं कागदावर उतरवून आम्ही पाकीट करायचो आणि मी ते वेंगुर्ल्याला पोस्टात टाकायचो. ते त्यांच्या जुन्या वेधशाळेतल्या एका सहकाऱ्याकडे जायचं, आणि तिथून, जगात जे जे त्या ताऱ्याकडे बघतात त्यांच्या आकड्यांत मिळायचं.

एकदा मी विचारलं, हा केवढा आहे? बाई म्हणाल्या, "सूर्य उचलून त्या जागी हा ठेवला असं समजा."

"मगे आमी खंय?"

"आत."

मग त्या म्हणाल्या की आज आपण बघतो तो उजेड तिकडून निघाला तेव्हा इकडे मालवणचा किल्ला बांधून नवाच झाला असेल. तेव्हापासून तो चालतोय. वाटेत कुठं थांबला नाही, कशाला आपटला नाही, तो थेट तुमच्या डोळ्यांत आला.

आणि तारा चढत होता. रोज चढत होता. चार आणे, पाच, सात. आणि आठाच्या पुढं माझी जीभ अडली.

कसं झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मला दिसत होतं अकरा, तोंडातून आलं नऊ. मुद्दाम केलं नाही. वाढत्या पोराला वाढलं म्हणत नाहीत, भरल्या होडीला भरली म्हणत नाहीत. तो तारा मला आमच्याच घरचा वाटू लागला होता आणि तो वाढावा असं मला वाटत होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाढावंसं वाटलं होतं. म्हणून मी कमी सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी नवाच्या पुढं एकदम बारा कसं सांगायचं? म्हणून दहा. खरं म्हणजे तो इतका चढला होता की डोळे फिरवले तरी त्याच्यावर जाऊन बसत. आणि मी बाईंना दहा, साडेदहा करत राहिलो. बाई म्हणायच्या, "हा फेरा साधारणच दिसतोय," आणि लिहायच्या.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी सहकाऱ्याचं पत्र आलं. मी संध्याकाळी गेलो तर बाई दिवा लावून, भिंग धरून ते तिसऱ्यांदा वाचत होत्या. पत्र इंग्रजी. मला मराठीत सांगितलं. सगळीकडचे लोक लिहितायत की इतका तेजस्वी फेरा फार वर्षांत झाला नाही. तुमचे आकडे मात्र फार खाली आहेत. तुमची तब्येत बरी आहे ना?

"तब्येत," बाई म्हणाल्या आणि भिंग ठेवलं. "तुमची चूक नाही, तांडेल. मी शिकवण्यात कमी पडले. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला जाऊ नये. मी त्यांना कळवते की या फेऱ्याचं माझं काही धरू नका. पुढचंही नको. इथंच थांबवू."

त्यांनी वही मिटली. कॉलेजातल्या पोरीनं सुरू केलेली आकड्यांची ओळ माझ्यासमोर संपत होती आणि ती स्वतःला दोष देत होती. मी उभा होतो. मला तो उजेड दिसत होता, किल्ला नवा होता तेव्हापासून खरा चालत आलेला. एवढ्या लांबून खरा आला आणि शेवटच्या दोन हातांत, माझ्या डोळ्यापासून बाईंच्या वहीपर्यंत, खोटा झाला.

"बाई," मी म्हटलं, "माझे डोळे बरे आसत. मी खोटां सांगितलंय."

बाईंनी वही परत उघडली.

"अकरा दिसले तेव्हा नऊ म्हटलंय. तेरा दिसले तेव्हा धा."

बाई माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायच्या आणि अहोजाहो करायच्या. ते त्या क्षणी गळून पडलं.

"कित्याक रे?"

"वाढता तेका वाढता म्हणूचा नाय. दृष्ट लागता."

"ताऱ्याक दृष्ट? तुझी?" बाईंचा आवाज चढला. "मेल्या, तो तुका, माका, ह्या दर्याक, सगळ्या पृथ्वीक गिळून बसात येवढो आसा. आणि तू तेका संभाळतंस?"

मी भलतंच बोललो. बायकोचं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, दोन्ही वेळचं. कोणालाच सांगितलं नव्हतं. पुतण्यालाही नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं बाई म्हणतील, जाऊ दे, तिचं आयुष्यच तेवढं होतं. गावात सगळे म्हणतात.

बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तांडेल. आज मापायची वेळ होत आली आहे." अहोजाहो परत आलं होतं. मला बरं वाटलं. खोटं समाधान मला तेव्हा सोसलं नसतं.

मी म्हटलं, खरे आकडे मला पाठ आहेत. तांडेलाला प्रत्येक खेपेचं मासळीचं माप वर्षानुवर्षं पाठ असतं, तसे हे होते. कुठल्या दिवशी किती, सगळं सांगतो, खोडून नवं लिहा.

"पत्र यायच्या आधी हे कुठे लिहून ठेवलं होतंत?"

"नाय."

"मग ते नाहीत. दुसऱ्यांनी काय बघितलं ते ऐकल्यावर आठवलेलं मी धरत नाही."

"पण बाई, ते खरे आसत."

"असतील. मला कसं कळणार?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, पट्टी दिली आणि आठ आण्यांच्या पुढच्या सगळ्या ओळींवर माझ्याच हातानं एकेक रेघ मारायला लावली. मी गिरगटायला लागलो तर हात धरला. "पातळ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. खोटं कुठून कुठपर्यंत होतं ते पुढच्याला दिसायला हवं." कडेला त्यांनी लिहिलं: निरीक्षकाने कमी सांगितले. कारण, येथील रिवाज. हेच पत्रातून वेधशाळेला जाणार होतं, तिथून जगभर. मी विचारलं, सगळ्यांना कळणार? बाई म्हणाल्या, "कळू दे. थांबवण्यापेक्षा बरं."

म्हणजे ओळ थांबत नव्हती. मध्ये एक खड्डा राहणार होता, माझ्या नावाचा.

तोवर वीज गेली. चंद्र नव्हता. आम्ही खळ्यात आलो. देवमासा समुद्रात शेपटी सोडल्यासारखा पश्चिमेला कलला होता आणि त्याच्या मानेशी तो तारा असा पेटला होता की मी चुकून खालीच बघितलं. असं उघड्यावर बघायची माझी सवय नव्हती. मग बघितलं. शेपटीच्या ताऱ्याकडे बघितलं, परत याच्याकडे. परत तिकडे. बाई काही विचारत नव्हत्या. पत्रातला आकडा त्यांनी मला सांगितला नव्हता, मुद्दाम. पेन घेऊन बसून होत्या.

त्या खळ्यात मी आणि बाई सोडून कोणी नव्हतं, तरी मोठा आकडा उघड्या हवेत म्हणायला मला जीभ रेटावी लागली.

"सोळा," मी म्हणालो.

पेनाचा आवाज आला.

"बाई, जरा वरच आसा. शेपटीवाल्याच्या वर."

"किती वर?"

"अर्धो आणो."

"खात्री?"

मी परत बघितलं. शेपटीचा तारा खाली होता, त्याच्यावरून समुद्राची हवा हलत होती. माझ्या मनात आलं, बघ, आता जास्त सांगायला लागलास. झाकायचं नव्हतं आणि वाढवायचंही नव्हतं.

"सोळाची खात्री आसा," मी म्हटलं. "अर्ध्या आण्याची नाय."

"मग तसंच लिहिते," बाई म्हणाल्या आणि वाकून, मान तिरकी करून, दोन्ही लिहिलं.